गाडी पाचांची, घर सहांचं

पत्र: ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा. पुण्यात नऊ वर्षं नोकरी केली आणि तीन वर्षांपूर्वी इंग्लंडात रेडिंगला आलो. रुग्णालयांतली स्कॅनिंगची यंत्रं दुरुस्त करतो. वर्षाला साधारण १८,००० मैल फिरणं होतं, त्यातले १४,००० कामाचे. पगार ४७,५०० पौंड. बढती मिळाल्यावर कंपनी आता चार वर्षांसाठी गाडी देते आहे. मुलगी सहा वर्षांची आहे, मुलगा दहा महिन्यांचा, आणि उन्हाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत. मला छोट्या इंजिनाची इस्टेट, म्हणजे मागे लांब छत आणि मोठी डिकी असलेली गाडी, घ्यायची आहे, कारण इंजिन छोटं म्हणजे टॅक्स कमी. यादीत व्हॉक्सहॉल ॲस्ट्रा १.२, स्कोडा ऑक्टाव्हिया १.५, टोयोटा कोरोला हायब्रिड १.८ या इस्टेट आहेत. ॲस्ट्राचीच विजेवरची इस्टेट आहे. पेट्रोल आणि बाहेरून चार्ज करायची बॅटरी, दोन्हींवर चालणारी एक उंच प्लग-इन एसयूव्ही आहे. गाडी नको असेल तर महिन्याला ४५० पौंड रोख. शिवाय खासगी पेट्रोलही कंपनी फुकट द्यायला तयार आहे. ऑफिसातले म्हणतात, माणसं आणि सामान भरलं की छोटं इंजिन मोटरवेवर दम टाकेल. बाबा म्हणतात, कंपनी देतेय तर मोठी, उंच गाडी घे. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. खाली पार्किंगची जागा आहे, चार्जर नाही. काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मी आधी माणसं मोजली. तुम्ही दोघं, मुलं दोन, आई-बाबा दोन. सहा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीत सीटबेल्ट पाच. ऑक्टाव्हियाची डिकी ६४० लिटरची असो की कोरोलाची ५९६ लिटरची, सहावं माणूस तिच्यात बसत नाही. सहा-सात मंडळी दाटीवाटीनं बसून साताऱ्याहून कासला जातात तो प्रकार इथे चालायचा नाही. प्रत्येकाला स्वतंत्र बेल्ट लागतो, आणि मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्याला चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतोच. म्हणजे मागच्या बाकावर दोन सीटा आधीच अडलेल्या. मधे उरते ती जागा बारीक अंगाच्या माणसालाही तासाभरात नकोशी होते.

म्हणून सात सीटांची गाडी घ्या असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांच्या पाहुणचारासाठी चार वर्षं जास्तीचा टॅक्स भरायचा, ही गोष्ट तुमच्या आई-बाबांनाच पटणार नाही. स्कॉटलंडला जाल तेव्हा, लेक डिस्ट्रिक्टला जाल तेव्हा सात सीटांची गाडी भाड्यानं घ्या. एरवी कोण घरी थांबणार, कोण ट्रेननं येणार हे आत्ताच बायकोशी बोलून ठेवा. बहुतेक घरांत थांबायची पाळी न विचारता सूनबाईवर येते. तसं होऊ देऊ नका.

आता इंजिनाकडे. छोटं इंजिन म्हणजे कमी टॅक्स हा हिशेब तुम्ही पुण्याहून सोबत आणलाय, आणि पुण्यात तो बरोबरही होता. भारतात कंपनीच्या गाडीचा लाभ मोजताना १.६ लिटर ही रेघ वर्षानुवर्षं चालत आली: त्याच्या आत महिन्याला १,८०० रुपये, वर २,४०० रुपये, चालक असेल तर ९०० आणखी, असं तुम्ही पुण्यात असताना होतं. जीएसटीतही पेट्रोलच्या गाडीला १,२०० सीसी आणि चार मीटर लांबीची मर्यादा आहे. त्यामुळे आपल्याकडचा नोकरदार गाडी बघायला गेला की आधी सीसी विचारतो.

ब्रिटनच्या कंपनी-गाडी करात सीसी कुठेच नाही. इथे मुख्य आकडे दोनच: गाडीची छापील किंमत आणि ती किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते तो आकडा. ही पद्धत एप्रिल २००२ पासूनची. त्याआधी कामाचे मैल जास्त दाखवले की कर कमी व्हायचा, म्हणून मार्चअखेरीस लोक नुसते मैल भरून काढायला गाड्या दामटायचे. छापील किंमत म्हणजे कंपनीनं घासाघीस करून मिळवलेली किंमत नव्हे. व्हॅट, डिलिव्हरी आणि तुम्ही निवडलेला प्रत्येक जादा पर्याय धरून येणारा पूर्ण आकडा, ज्याला इथे पी११डी किंमत म्हणतात. कार्बनच्या आकड्यावरून ठरणारे त्या किमतीचे टक्के तुमच्या उत्पन्नात मिळवतात आणि त्यावर तुम्ही प्राप्तिकर भरता.

तुमच्या पत्रासोबतच्या यादीतले आकडे गोळाबेरीज करून घेते. कोरोला ३२,००० पौंड, कार्बन १०२ ग्रॅम. २०२५-२६ या करवर्षात तिचा दर २६ टक्के, म्हणजे उत्पन्नात ८,३२० पौंडांची भर. ऑक्टाव्हिया २९,००० पौंड, कार्बन ११८ ग्रॅम. दर २९ टक्के, भर ८,४१० पौंड. तीन हजारांनी स्वस्त आणि इंजिनानं लहान असलेल्या गाडीची करपात्र भर नव्वद पौंडांनी जास्त झाली, ती केवळ १६ ग्रॅमांमुळे.

दुसरी गोष्ट तुमच्या पगाराची. करमुक्त रक्कम सोडली तर ५०,२७० पौंडांपर्यंत प्राप्तिकर २० टक्के, त्याच्या वर ४० टक्के. तुमचा पगार त्या रेषेच्या २,७७० पौंड खाली आहे. कोरोलाचे पहिले २,७७० पौंड २० टक्क्यांत जातील, उरलेले ५,५५० पौंड ४० टक्क्यांत. मिळून वर्षाला २,७७४ पौंड, महिन्याला २३० च्या आसपास. ऑफिसातला एखादा सहकारी तुम्हाला महिन्याला १४० पौंड सांगेल, तर तो सगळं २० टक्क्यांनी धरतोय. त्याचा पगार कमी असेल तर त्याच्यापुरतं ते खरंही असेल.

आणि ते फुकट पेट्रोल. ते घेऊ नका. हे मी जीव तोडून सांगते, कारण आमच्याच घरात एकदा ही चूक झाली. यजमानांच्या तेव्हाच्या कंपनीनं पेट्रोलचं कार्ड दिलं, आम्ही आनंदानं घेतलं. तीन महिन्यांनी टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा आकडा, बदलून आला आणि पगारपत्रक बघून मी रात्रभर बेरजा करत बसले. फुकट पेट्रोलचा लाभ तुम्ही किती पेट्रोल जाळलं यावर मोजत नाहीत. सरकारनं २०२५-२६ साठी ठरवलेला २८,२०० पौंड हा आकडा घ्यायचा आणि त्याला गाडीचाच टक्का लावायचा. कोरोलासाठी ते होतात ७,३३२ पौंड, सगळे ४० टक्क्यांच्या घरात. कर २,९३३ पौंड.

तेवढ्यावर भागत नाही. पगार, गाडी आणि पेट्रोल मिळून तुमचं उत्पन्न ६३,१५२ पौंड होतं. ६०,००० ओलांडले की मुलांचा चाइल्ड बेनिफिट, म्हणजे सरकारी बालभत्ता, परत कापायला सुरुवात होते, प्रत्येक २०० पौंडांना एक टक्का. तो तुम्हाला मिळत असेल, तर २०२५-२६ च्या दरानं दोन मुलांचे वर्षाला साधारण २,२५० पौंड होतात, त्यातले १५ टक्के, म्हणजे सुमारे ३४० पौंड, जातील. पेट्रोल १३५ पेन्स लिटर धरलं तर कोरोला एका मैलाला १२ पेन्सच्या आसपास खाते. कर आणि ही कपात मिळून होणाऱ्या ३,२७० पौंडांत २७,००० मैल होतील एवढं पेट्रोल तुम्ही स्वतः विकत घेऊ शकता. तुमचे खासगी मैल आहेत ४,०००. एक लक्षात ठेवा, महिन्यात एकदा जरी खासगी पेट्रोल कार्डावर टाकलं आणि त्याचे पैसे कंपनीला वेळेत परत दिले नाहीत, तरी लाभ लागू होतो. मैलांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, रोजच्या रोज लिहा.

सीसीचा प्रश्न मात्र एका ठिकाणी येतो, आणि तिथे तो तुमच्या समजुतीच्या नेमका उलटा आहे. कामाच्या मैलांचं पेट्रोल तुम्ही भरलंत तर कंपनी ते एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, सल्ला-दरानं परत देते, आणि हे दर इंजिनाच्या मापावर ठरतात. पेट्रोलची पहिली पायरी १,४०० सीसीपर्यंत, दुसरी २,००० पर्यंत. दर तीन महिन्यांनी फेरविचार होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पहिल्या पायरीला मैलामागे १२ पेन्स होते आणि दुसरीला १४. हायब्रिड गाडी यात पेट्रोलचीच धरतात. म्हणजे १.८ ची कोरोला १४ पेन्स मिळवते आणि १२ च्या आसपास खर्च करते. ॲस्ट्राचं १.२ टर्बो मिळवतं १२ पेन्स. भरलेल्या गाडीत मोटरवेवर ते गॅलनला ४२ मैलांच्या आसपास देईल असं धरलं, तर खर्च होतो साडेचौदा. १४,००० मैलांवर दोघींतला फरक सहाशे पौंडांच्या पुढे जातो. कंपनीत विचारा की ते हेच दर देतात की स्वतःचे काही वेगळे.

सहकाऱ्यांची दम टाकण्याची भीती अर्धीच खरी आहे. आजची छोटी टर्बो इंजिनं मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांतच भरपूर ओढ देतात, ऑक्टाव्हियाचं १.५, १५० अश्वशक्तीचं, पाच माणसं आणि चार बॅगा घेऊन एम४ मोटरवेवर आरामात ताशी ७० मैलांनी जाईल. ओढ कमी पडत नाही, पेट्रोल जास्त जातं. टर्बोवर सतत भार आला की प्रयोगशाळेतलं मायलेज आणि रस्त्यावरचं मायलेज यांत अंतर पडतं, आणि इंजिन जितकं लहान तितकं ते अंतर वाढतं. तीन सिलिंडरांची थरथर गावात जाणवत नाही, पण दिवसाला चार तास चालवणाऱ्याला जाणवते. कोरोलाची तऱ्हा वेगळी. चढावर पाय दाबलात की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि गाडी चढ संपेपर्यंत त्याच सुरात राहते, गिअर बदलल्याचा दिलासा मिळत नाही. काहींना हे सहन होत नाही. लीड्सकडून मँचेस्टरकडे पेनाइन्सचा चढ लागतो तिथे ते चांगलंच कळतं. तुमचं फिरणं दक्षिणेत असेल तर फारसं नाही. चाचणीला गाडी न्याल तेव्हा गावातून फेरी मारून परत येऊ नका. मोटरवेवर चढा, एखादा लांब चढ शोधा.

डिकीचं माप लिटरवर ठरवू नका. कारखाने ते माप २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे ठोकळे रचून काढतात, प्रत्येक ठोकळा एका लिटरचा. कोपरे, चाकामागचे खळगे सगळे ठोकळ्यांनी भरतात. तुमची बॅग ठोकळा नाही. आई-बाबा हीथ्रोला उतरतील तेव्हा प्रत्येकी २३ किलोच्या एक-दोन बॅगा, वर लोणच्याच्या बरण्या, चिवडा-लाडवांचे डबे, आणि बाळाची बाबागाडी आधीच डिकीत. शोरूमला जाताना घरातल्या दोन सर्वांत मोठ्या बॅगा आणि बाबागाडी घेऊनच जा. विक्रेत्याला संकोच वाटू दे, तुम्ही ठेवून बघा. झाकण लागतं का, उचलायचा काठ कमरेला कुठे येतो, मागच्या काचेतून रस्ता दिसतो का. मुलांच्या दोन्ही सीटाही बसवून बघा: मागे तोंड करून बसणाऱ्या बाळाच्या सीटमुळे पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, हे कागदावर कुणी लिहीत नाही. तुमच्या कामाची हत्यारं कायम डिकीत राहणार असतील तर त्यांचा खोकाही न्या.

बाबांच्या 'उंच गाडी घे' यामागे काय आहे ते जरा विचारून बघा. मुलाचं बरं चाललंय हे गल्लीत दिसावं असं वाटत असेल, तर त्यात वाईट काही नाही. पण कदाचित गुडघ्यांचाही प्रश्न असेल. इस्टेट खाली बसते. त्यात शिरणं सोपं, उठून बाहेर येणं अवघड. गुडघे दुखत असतील तर एसयूव्हीचा मुद्दा खरा आहे आणि तो टॅक्सच्या तक्त्यात दिसत नाही. पुण्या-साताऱ्यात कुणाच्या सेडानमध्ये बसून-उठून बघायला सांगा, उंची जवळपास तीच. आणि बाबांना १९९२ ची टाटा इस्टेट आठवते का तेही विचारा. मागे लांबलचक काचेची, पुण्यातच बनलेली. आपल्याकडे ती जात रुजली नाही, इस्टेट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सात-बारा येतो. इंग्लंडात मात्र कुत्रा, सायकली, तंबू आणि मुलं घेऊन फिरणाऱ्या घरांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची गाडी आहे. कोरोलाची इस्टेट तर डर्बीजवळ बर्नास्टनला बनते. बाबांना हे सांगा, त्यांना आवडेल.

प्लग-इन एसयूव्ही चार वर्षांसाठी घेऊ नका. तिचा दर विजेवर ती किती मैल जाते त्यावर ठरतो आणि २०२५-२६ मध्ये ४० ते ६९ मैलांच्या गाडीला अवघे ९ टक्के पडतात, म्हणून ती मोहात पाडते. पण एप्रिल २०२८ पासून ५० ग्रॅमांच्या आतल्या अशा सगळ्या गाड्या सरसकट १८ टक्क्यांत जाणार आहेत. तुमचा करार तेव्हा संपलेला नसेल. शिवाय घरी चार्जर नाही, म्हणजे ती जड बॅटरी रिकामीच वाहून न्यायची आणि पेट्रोल जाळायचं.

रोख ४५० पौंडही नको. कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) जाऊन हातात २९० च्या आसपास येतील. स्वतःच्या गाडीनं कामासाठी फिरलात तर पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि पुढच्यांना २५ पेन्स करमुक्त मिळू शकतात, हे खरं. पण तुमचं इथलं लायसन्स आणि नो-क्लेमचा इतिहास अजून कोवळा आहे; कामाच्या वापराचा विमा, टायर, बंद पडली तर पर्यायी गाडी, हे सगळं तुमच्या डोक्यावर येईल, तेही घरात दहा महिन्यांचं बाळ असताना. जाता जाता: रोख रक्कम सोडून ७५ ग्रॅमांच्या वरची गाडी घेतली की सोडलेली रोख आणि गाडीचा लाभ यांतला जो आकडा मोठा त्यावर कर लागतो. तुमच्या बाबतीत वर्षाचे ५,४०० आणि ८,३२०, म्हणजे गाडीचाच आकडा मोठा, काही बिघडत नाही.

राहिली विजेवरची ॲस्ट्रा, आणि तिथे मला तुमच्याशी अगदी सरळ बोलायचं आहे. ती ४०,००० पौंडांची धरली तरी २०२५-२६ चा दर ३ टक्के, भर १,२०० पौंड, कर वर्षाला २४०. कोरोलाच्या २,७७४ समोर २४०. दर पुढे चढत जाणार आहे, २०२६-२७ मध्ये ४, मग ५, २०२८-२९ मध्ये ७ टक्के, तरी अंतर मोठंच राहतं. घरी चार्जर नसल्यानं रस्त्यावरच्या महागड्या जलद चार्जरवरच सगळं भागवलं, मैलाला २१ पेन्स गेले आणि कंपनीनं १४ परत दिले, असं धरूनही मी बेरीज केली. तरी ती वर्षाला नऊशे पौंडांच्या आसपास स्वस्त पडते. तिची डिकी ५१६ लिटरची, कोरोलाहून लहान. आणि आठवड्यातून तीन-चारदा मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे थांब्यावर, चार्जिंगसाठी पाऊण तास थांबायचं, कधी रांगेत. दिवसभर यंत्रांशी झगडून घरी निघालेल्या माणसाचा तो पाऊण तास बाळाच्या झोपायच्या वेळेतून जातो. त्याची किंमत नऊशे पौंडांहून जास्त की कमी, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. माझ्या घरी बाळ असतं तर मी नऊशे पौंड सोडले असते.

पण कंपनीच्या डेपोत चार्जर असेल, किंवा घरमालक पार्किंगच्या जागेवर बसवू देत असेल, तर सगळं चित्र पालटतं. कामाच्या ठिकाणच्या चार्जिंगवर कर नाही, कारण वीज इथे इंधन धरत नाहीत. भाडेकरूंसाठी चार्जर बसवायला सरकारी अनुदानाची योजनाही आहे. कंपनीच्या गाड्या सांभाळणाऱ्या फ्लीट विभागाला आणि घरमालकाला सोमवारीच दोन ईमेल टाका. दोघांपैकी एकाचं जरी 'हो' आलं, तर विजेवरची इस्टेट घ्या.

दोन्हीकडून 'नाही' आलं तर कोरोला. सर्वांत लहान चाकं घ्या. १८ इंची चाकं आणि काचेचं छत यांनी किंमत वाढते, कार्बनही दोन-चार ग्रॅम वाढतो, आणि आता कार्बनचा आकडा तुमच्या नेमक्या गाडीचा मोजतात. १०४ चा १०५ झाला की पुढची पायरी. म्हणून सही करण्याआधी तुम्ही निवडलेल्या पर्यायांसकटचा आकडा लेखी मागा. बायकोला गाडी चालवायला कंपनीच्या विम्यात परवानगी आहे का, बाबांना भारतीय लायसन्सवर आहे का, नोकरी सोडली तर मुदतीआधी गाडी परत केल्याचा दंड कुणी भरायचा, हे तिन्ही प्रश्न त्याच ईमेलमध्ये घाला. गाडी मिळाली की एचएमआरसीच्या खात्यात तिची नोंद झाली का ते स्वतः तपासा. उशिरा नोंद झाली की मागचा कर नंतर कापून घेतात.

आणि डिकीत पहिल्याच दिवशी जाड रबरी ट्रे टाका. चार वर्षांनी गाडी परत करताना ओरखडे आणि डाग तपासून पैसे लावतात. साउथॉलहून आणलेल्या हळदीची पिशवी एकदा फुटली की तो पिवळा डाग कशानंही जात नाही.

डेपोकडून आणि घरमालकाकडून काय उत्तर आलं ते मला कळवा. चार्जरला होकार आला, तर हिवाळ्यात विजेची गाडी किती मैल देते आणि दिवसाचा रस्ता कसा आखायचा, ते पुढच्या सदरात सविस्तर लिहीन.